मंगळवारचा

किन्शासा, मातोंगे वस्ती, रात्रीचे नऊ.
वीज गेलीय, म्हणजे बँड गप्प,
म्हणजे आता आम्ही बोलणार.

सहा बाटल्या, एका आखूड पायाचं टेबल,
पायाखाली दुमडलेलं सिगारेटचं पाकीट,
आणि प्रश्न तोच, गेल्या शनिवारचा, त्याआधीच्याही :
या शहरात बेस गिटार सगळ्यांत थोर कुणी वाजवली?

एनसिम्बा टॅक्सी चालवतो, ऐकत कुणाचंच नाही.
म्हणतो, कलोम्बो. दुसरं नाव घेणाऱ्यानं उठावं.
बोटं पाहिलीत त्याची?
भिंतीवर पाल सरकावी, तशी.

माबियाला शिंपी दोरा दातानं तोडावा तसं तोडतो :
बोटं काय पाहायचीत, बेस पोटानं ऐकायचा.
कलोम्बो घाईचा माणूस.
घाई ही सोलोवाल्यांची मिरास, ती त्यांनाच लखलाभ.
त्याच्या मते लुएम्बा,
ज्यानं तार तुटल्यावर सायकलच्या ब्रेकची तार चढवली,
एका लग्नाची अख्खी रात्र निभावली,
आणि पहाटे रक्ताळलेली तर्जनी
नवरीच्या रुमालात गुंडाळून घरी गेला.

मी म्हणालो, तुटली नव्हती,
खरी तार त्यानं आदल्या दिवशी विकली होती.
हसताना माबियालाचं पेय नाकातून आलं,
पण मत बदललं नाही.

मग याद्या. पहिले पाच, पहिले तीन,
मेलेल्यांची वेगळी, ब्रुसेल्सला गेलेल्यांची वेगळी.
चर्चमध्ये वाजवणारे धरायचे की नाही
यावर एक बाटली फुटली.
हरेल त्यानं क्रेट आणायचा, एनसिम्बा म्हणाला,
आणि तिथून पुढे
कुणीच संगीताबद्दल बोललं नाही.

मामा एकिला निखाऱ्यांना वारा घालत होती.
बकऱ्याचं मांस विकते, राहते याच भिंतीपलीकडे.
पुठ्ठ्याचा पंखा न थांबवता म्हणाली :

एकतीस वर्षं या भिंतीला पाठ लावून झोपते मी.
गाणाऱ्याचे शब्द विटांत अडकतात.
गिटारी येतात, पण उंदरांसारख्या, खरखरत.
धड पोचतो तो एकटा.
पलंगाच्या पायातून चढतो,
पाण्याच्या बादलीत वर्तुळं काढतो.
तुम्ही त्याला गर्दीत ऐकलंत.
मी त्याला गाण्याशिवाय ऐकलाय.

मग कोण?

मंगळवारचा.

नाव?

भिंतीतून नाव कसं येईल, बाबा?

बाकीचे ठोकायचे, ती म्हणाली.
हा एक ठोका द्यायचा, आणि पुढचा
हातात धरून उभा राहायचा,
मागून कुणी येतंय म्हणून
दार धरून ठेवावं, तसा.
तेवढ्यात माझं पोर झोपायचं.
देशाचं नाव बदललं त्या वर्षी तो बंद झाला.
पोर मोठं झालंच होतं म्हणा.

आम्ही बोटं मोजू लागलो.
मंगळवारी कुठला बँड? त्यात बेसवर कोण?
एनसिम्बाला तर आडनावही आठवलं,
बायकोचं नाव, चष्म्याचा नंबर.
तेव्हा गल्ल्यावरून, मेणबत्तीमागून, मालक म्हणाला :
मंगळवारी बार बंद असायचा तेव्हा.

बंद?

फक्त झाडलोट. बँडची वाद्यं इथेच असायची.
झाडायला एक पोरगा होता, बांदुंदूकडचा.
किल्ली त्याच्याकडे.
नाव... थांबा.
दोन महिन्यांचे पैसे राहिलेत त्याचे माझ्याकडे.

यावर कुणाला काही सुचलं नाही.
मांसाचा थेंब निखाऱ्यावर पडला, चुर्र.
क्रेट कुणी आणायचा ते राहूनच गेलं.

वीज आली. पंखा आळस देऊन फिरला.
आजचा पोरगा, मिशी न फुटलेला,
बेस लावू लागला, जाड तार जराशी उतरलेली,
आणि टेबल हललं, पाकिटासकट.

हा बरा आहे, एनसिम्बा म्हणाला, मामा, काय?

तिनं वळूनही पाहिलं नाही.
मीठ भुरभुरलं, कांदा चिरून कागदावर ठेवला.
सकाळी सांगते.