डावीकडची ढोलकी

शेजारी पिठाची गिरणी.
म्हणून माझ्या दुकानात रेकॉर्ड ऐकायची
तर हेडफोन लावूनच.
कौतिकाबाईंनी तो पदरावरूनच चढवला.

शालिकच्या पोरानं ही तबकडी आर्वीच्या भंगारातून
दहा रुपयांत सोडवली, मशीनही तिथलंच.
कव्हरवर आतेचं नाव चुकीचं छापलेलं,
बापाचं तर नाहीच.
वर मोठ्या अक्षरांत: स्टिरिओ.
खाली मुंगीएवढं: मोनो मशीनवरही चालेल.

गायल्या तेव्हा नागपूरच्या त्या खोलीत
मायक्रोफोन एकच होता, त्या सांगतात,
छताला टांगलेला, घोसाळ्यासारखा.
बाई पुढं. दोन पावलं मागं शालिक, मांडीवर ढोलकी.
खंजेरीवाला पार दारापाशी, त्याचा हात भारी म्हणून.
जे काही जवळ-लांब होतं
ते एकाच तासात पेरलं गेलं.

सात वर्षांनी कोणीतरी, बहुतेक कोट घातलेला,
त्या एका आवाजाला चाळणी लावली.
जाड ते डावीकडं, बारीक ते उजवीकडं,
डाळ आणि चुरी वेगळी करावी तसं,
आणि म्हणाला, घ्या, आता दोन्ही कान भरतील.

(बाईंचा डावा कान पुलगावच्या जिनिंगात गेला.
बावीस वर्षं रेच्यासमोर.
सरकी निघते तसा निघून गेला, म्हणतात.)

सुई टेकली. त्या ऐकत राहिल्या, मान हलेना.
मग हेडफोन न काढताच, जोरात:
"कावून बाप्पा, ढोलकी कुठी गेली?
नुसती खंजेरीच वाजून रायली.
शालिक होता ना तिथी. माह्या पाठीमांगंच होता."

पोरगा चपलांकडं पाहू लागला.

मी हेडफोन उलटा करून दिला.
ढोलकी आली, आणि बाईंचे शब्द गेले.
घोंगडीखालून कोणी बोलावं तसं गाणं.
"आता मीच नाही," त्या म्हणाल्या.

मग मी आर्मचं बूड उघडलं.
केसाएवढ्या चार तारा:
पांढरी, निळी, लाल, हिरवी.
सोल्डरिंग तापेपर्यंत पोराला सांगितलं,
मोनोच्या चाकोरीत सुई नुसती डावी-उजवी डुलते,
धूळ मात्र तिला खालीवर उडवते.
दोन बाजू एक केल्या
की डुलण्याची बेरीज होते, उडणं वजा.
हे मला वर्ध्याच्या उस्मान मिस्त्रीनं शिकवलं,
बिडीबंडलाच्या कागदावर रेघा मारून.
फाडतं कोणीही, तो म्हणायचा,
फाडलेलं परत बसतं का ते पाय.
सगळ्याच तबकड्यांचं बसत नाही.
काहींत मधेच पोकळी येते,
गाणारा विहिरीत पडल्यागत.

पांढरीला लाल. निळीला हिरवी.
राळेचा धूर, एक फुंकर.

ही बसली.
म्हणजे जवळजवळ. धूळ निम्म्यावर आली,
टाळीच्या जागी थोडी कुई राहिली.
तेवढ्यात गिरणी थांबली, कोणाची तरी ज्वारी संपली,
आणि दुकानभर ऐकू आली
सुई, स्वतःशीच गुणगुणणारी,
डासाच्या आवाजात अख्खं भजन.

बाईंचा हात मांडीवर पडला, पुन्हा पडला.
मग वरच थांबला.
"आता तिसऱ्या कडव्याले चुकते पाय."
आणि तो चुकला.
"मी तवाच म्हनलं होतं त्याले.
नाही आयकलं."

पैसे किती, पोरानं विचारलं.
मी म्हटलं, ते राहू दे,
तारा अशाच ठेवू का परत सोडवू, ते बाईंना विचार.
त्यानं विचारलं,
पण तो त्यांच्या डाव्या हाताला उभा होता.