मोरचूदच्या पाण्यात किल्ली

वसमतच्या जिल्हा परिषद प्रशालेत
सव्वीस वर्षं परीक्षानळ्या धुतोय मी.
कुणी विचारलं, पिराजी, केमिस्ट्री येती का?
तर म्हणतो, वास येतो.

तस्नीम मॅडमची बदली झाली, सेनगावला.
शेवटच्या तासाला म्हणाल्या, खिळे संपले वाटतं,
अन् कपाटाची लोखंडी किल्ली दोऱ्याला बांधून
सोडली मोरचूदच्या निळ्या पाण्यात.

बघा, लोखंड दोन इलेक्ट्रॉन देतं.
पाण्यातलं तांबं ते घेतं
अन् किल्लीवर येऊन बसतं.
ज्यानं घेतलं, त्याचं क्षपण झालं.

मागच्या बाकावरचा मुंजाजी उठला.
मिळालं तरी क्षपण कसं, मॅडम?
क्षपण म्हणजे घटणं ना?
मॅडम हसल्या. शब्द जुना आहे रे,
भट्टीत कच्च्या धातूचं वजन घटायचं तेव्हाचा.
अन् अजून ऐक, इलेक्ट्रॉन असतो ऋण.
जो तो देऊन टाकतो, तो धन होतो.

मुंजाजीनं हे वहीत नाही,
तळहातावर लिहिलं.

मिठाचंही सांगितलं त्यांनी:
सोडियमनं एक दिला, क्लोरीननं घेतला,
मग दोघं एकमेकांना सोडीनात.
तेव्हा माझ्याकडं बघितलं का, ठाऊक नाही.
सात वर्षं त्यांच्या डब्यात मीठ कमी,
सात वर्षं मी पुडी बांधून आणायचो.
एवढंच. बाकी काही नव्हतं.

घंटा झाली. पोरं गेली. जीपही गेली.

दिवेलागणीला दोरा ओढला.
किल्ली लाल, नव्या नवरीसारखी.
पाण्यातलं निळं उतरलेलं,
तळाशी फिकट हिरवी झाक.
लोखंड त्यात उतरलं होतं,
ते मात्र दिसत नव्हतं कुणाला.

अंगठ्यानं घासलं तर तांबं अंगठ्यावर आलं.
खाली किल्ली होती, जराशी झिजलेली.
कुलपात ढिली फिरली,
दोनदा हुकली, मग लागली.

कपाटात वरच्याच फळीवर
खिळ्यांचा डबा.
गच्च भरलेला. झाकणाची पट्टीसुद्धा
फाडलेली नव्हती.

मी तो होता तिथंच ठेवला.
पाणी ओतून द्यायचं होतं, दिलं नाही.
खिशात हात गेला तर पुडी लागली,
सवयीनं सकाळी बांधलेली.