डाउट

वादळाने वीज गेलेली.
लव्हडे ट्रेम्बाथ, वय ब्याण्णव,
पांघरूण ओढता ओढता नातवाला म्हणते,
"जोरी, मेणबत्ती डाउट कर."

जोरी ट्रूरोच्या शाळेतला.
त्याला ऐकू येते शंका.
मेणबत्तीवर कसली शंका घ्यायची?
ही काय, समोर जळतेय.

"अरे, डू आणि आउट.
बोलायच्या घाईत एकमेकांना चिकटले,
एवढंच.
तुझी शाळेतली शंका लॅटिन घराण्यातली,
पोटात एक मुकं अक्षर घेऊन हिंडते.
आमच्याकडे मुकं काही नाही."

मग आज्याचं निघतं.
कथिलाची खाण, टोपीवर मातीचा गोळा,
गोळ्यात मेणबत्ती.
तिचे पैसे पगारातून कापले जात,
म्हणून जेवायला बसले की एक ठेवून
बाकी सगळ्या डाउट.
अंधारात बारा जण चावताना ऐकू येत.
शेवटच्या दिवशी
त्याची अर्धी मेणबत्ती घरी आली.
आजीने ती वापरली. का नाही वापरायची?

जोरी बोटं ओली करतो, वात चिमटतो.
चर्र.
धुराचा वास खोलीभर.

"आजी, झोपलीस?"

समुद्र खिडकीवर आपटतोय.
तो पुन्हा हात पुढे करतो,
वात अजून गरम आहे का
बघायला.