हिरवं की गुलाबी

बिजासनच्या घाटात काटा लालला टेकला
तेव्हा ढाब्यावरच्या पोरानं दोन बाटल्या पाणी दिलं,
आणि दर वीस किलोमीटरला थांबत,
हीटर सोडून, काचा उघड्या ठेवून
मी सत्त्याण्णवची मारुती इंदूरला आणली.

आज छोट्या ग्वालटोलीत, दुकानासमोरच्या फरशीवर
लियाकतभाईंनी जुना रेडिएटर उपडा केला.
आधी आलं विटकरी पाणी,
मग थांबून, जरा हलवल्यावर,
जळक्या खिरीसारखा गचका.
"हरे में किसीने गुलाबी डाला है, दीदी."
ते किसी म्हणजे मीच.
मागच्या मे महिन्यात, पेट्रोलपंपावर,
कौनसा, म्हणून विचारलं त्यानं,
आणि मला गुलाबी बरं दिसलं.

जुना तांब्या-पितळेचा. दोन्ही हातांनी उचलावा लागला.
मोडीत त्याचे पैसे वळते होतील.
नवा ॲल्युमिनियमचा, कडेच्या टाक्या प्लास्टिकच्या,
इतका हलका की मी खोक्यात परत डोकावली,
आणखी काही राहिलं का ते बघायला.
"तांबं सोसून घेत होतं," लियाकतभाई म्हणाले त्यांच्या हिंदीत,
"हा नाही घेणार. ह्याला विचारून पाजा."

पाहूजाशेठनी काउंटरवर चार बाटल्या मांडल्या:
हिरवी, गुलाबी, नारिंगी, निळी.
गोळेवाल्याच्या गाडीवर असतात तशा.
वर म्हणाले, इथे कुठे बर्फ पडतो? नळाचं पाणी भरा, नर्मदा मैया आहे.
नर्मदा आहे खरी.
पण आमच्या गीझरच्या कॉइलवर
बोटभर जाडीचा पांढरा चुना चढवून गेलीय तीच नर्मदा.

तेवढ्यात पुण्याहून दाजींचा फोन.
मी म्हटली, रेडिएटर बदलवून राहिली आहे, कूलंट कोणतं टाकवू?
पलीकडे शांतता.
मग, "बदलवून राहिली काय गं?
बदलून घेतेय म्हण. आणि मी म्हटली नाही, मी म्हटलं.
किती भेसळ कराल!"
कूलंटचं राहूनच गेलं.

"रंग पे मत जाओ," लियाकतभाईंनी बाटली फिरवली,
"रंग तो शरबतवाला भी डालता है."
मी चष्मा काढला पर्समधून.
मुंगीएवढ्या अक्षरांत मागे लिहिलं होतं
कोणत्या धातूला चालेल, किती वर्षं, किती पाणी,
काय आहे आत, काय नाही.
गुलाबीच्या पाठीवर ॲल्युमिनियमचं नावच नाही.
नारिंगी डिझेलच्या ट्रकचं.
निळीची तारीख उलटून गेलेली.
जे पाहिजे होतं ते निघालं हिरवं,
पण हे हिरवं ते हिरवं नव्हे.
हे मला आता, एक्कावन्नाव्या वर्षी, कळतंय.

मग धुणं.
बॅटरीचं पाणी भरायचं, इंजिन फिरवायचं, सोडायचं.
पहिलं विटकरी. दुसरं चहासारखं.
तिसरं पातेल्यात धरून लियाकतभाईंनी उन्हात बघितलं,
माझी आजेसासू तूप बघायची तसं,
आणि चौथ्यांदा भरलं.
अर्धं कूलंट, अर्धं पाणी, झाकण उघडं.
बेचाळीस डिग्रीत त्यांनी मला आत बसवून
हीटर पूर्ण सोडायला लावला.
घाम कोपरांवरून ओघळत होता आणि समोर
एकेक बुडबुडा वर येऊन फुटत होता,
सावकाश, नको तिथं अडकलेली हवा.
काटा निम्म्याच्या खाली येऊन राहिला.
पंखा आपल्या आपण लागला, आपल्या आपण थांबला.

बॉनेट लावायच्या आधी
लियाकतभाईंनी टाकीवर कागदी पट्टी चिकटवली, खिशातला मार्कर काढला.
"मराठी में लिख देता हूँ. घर में सब पढ़ लेंगे."
जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जपून, लिहिलं:
फकत हीरवा. दुसरा नको मिलाना.

मी मार्कर मागितला नाही.