मुघसेलची जाळी

मुसल्लमने गाडी दोनदा उंटांसाठी थांबवली,
तिसऱ्यांदा धुक्यासाठी.
मग उतरलो खाली, कपारीपाशी,
जिथे समुद्र आत शिरतो
आणि बाहेरची वाट विसरल्यासारखा
डोकं आपटत राहतो.

खडकाला भोकं आहेत.
त्यांवर लोखंडी जाळ्या, माणूस पडू नये म्हणून.
खालून आधी नुसता श्वास येतो,
लोहाराच्या भात्यासारखा,
मग पाणी, माडाएवढं उभं.
पोरं किंचाळतात. कुणाची तरी चप्पल उडते.

मी सांधा बघतो.
वेल्डिंग कच्चं आहे, घाईत मारलेलं,
मीठ आत पोचलंय.
अकरा वर्षं हेच करतोय;
शुक्रवारीसुद्धा डोळे कामावर जातात.

"तुमच्याकडे आहे असं?" मुसल्लम विचारतो.
आहे म्हणतो. आमच्या सड्याखाली
अशीच एक घळ आहे, बिनजाळीची.
थोरला तिथे कालवं काढायला उतरला होता,
हे मात्र सांगत नाही.
तेवढी अरबी मला येत नाही.

पुन्हा श्वास.
मी जाळीवर एक पाय ठेवतो,
हलते का बघायला.

हलते.