पायधूळ

साडेनऊला मिंगेच्या धक्क्यावरून सुटते आमची बोट.
मिंगे म्हणजे रस्त्याऐवजी नदी असलेलं गाव.
अलीकडची घरं पलीकडच्या घरांकडे बघत बसतात
आणि पोस्टमन वल्हं मारत येतो.
यायचा. आता येत नाही,
पण माइकवर मी त्याला अजून आणतोच.

एका दिवसाचं तिकीट:
नदीचं मुख, वेन्तेचं दीपगृह,
सरोवरापलीकडे निदा, निळ्या खिडक्या, वाळूच्या टेकड्या,
जेवायला धुरी दिलेला मासा, पाव, काकडी,
येताना रुस्ने बेटावर अर्धा तास.
कौनासहून येतात, जर्मनीतून येतात,
टोप्या उडतात, उलट्या होतात, फोटो निघतात.
एका बाजूला गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला समुद्र,
आणि मधे ही वाळू,
कुणाच्याच बाजूची नसल्यासारखी.

मी सांगतो, ही टेकडी चालायची.
शाळा गिळली तिनं, दफनभूमी गिळली,
लोकांनी घरं उचलली, पुढे मांडली, ती मागोमाग आली.
शेवटी झाडं लावून तिला बसवली.
इथे सगळे आ करून बघतात.
पुढचं मी सांगत नाही,
की आता ती तुमच्या बुटांतून चालते.

ते उर्टेला माहीत.
सगळे उतरले की उर्टे बोट झाडते.
बाकांखालून, दोरांच्या वेटोळ्यातून,
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून, जिथे प्रत्येक जण पाय आपटतो.
माणशी एक चमचा, ती म्हणते,
पोरं असली तर दोन.
आठवड्याला एक बादली होते.
घरी नेऊन पिठाच्या चाळणीनं चाळते,
केसांच्या पिना, बिस्किटांचा चुरा, एकदा कुणाचा तरी दुधाचा दात
वेगळा काढते,
आणि सोमवारी, बोट रिकामी असते तेव्हा,
मला म्हणते, चल.

बावीस वर्षं मी तिला नेतोय.
डिझेलचे पैसे मागितले नाहीत, कारणही विचारलं नाही.
ती वर चढते, बादली उपडी करते,
हात झटकते, खाली येते.
प्रार्थना वगैरे काही नाही.
गुडघा दुखतो म्हणून शिव्या मात्र देते.

या जूनमध्ये नवा रक्षक आला, स्किरमान्तास,
गणवेशाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.
म्हणाला, बाई, अभयारण्यात बाहेरचं काही टाकायला मनाई आहे.
उर्टे म्हणाली, बाहेरचं नाही.
पुरावा?
उर्टेनं मूठभर वाळू त्याच्या तळहातावर ओतली,
दुसऱ्या तळहातावर टेकडीची मूठ.
सांग, कुठली कुठली.

बराच वेळ उभा राहिला तो, दोन्ही हात पुढे,
देणं मागायला आल्यासारखा.
वारा होता, दोन्ही मुठी सारख्याच उडत होत्या.
मग पाणकावळे मोजायचेत म्हणाला
आणि पाठ करून उभा राहिला.
पाणकावळे तिथे नव्हते. ते जुओद्क्रांतेला असतात.

परतताना उर्टे म्हणाली,
टेकडी दरवर्षी वीतभर खचते, माझी बादली कुठे पुरायची.
मी म्हटलं, मग?
ती म्हणाली, मग काय, झाडायला तर लागतंच.

पाहुण्यांना आपण म्हणतो ना,
या एकदा, पायधूळ झाडा आमच्याकडे.
झाडतात बिचारे. आमचीच झाडतात, आमच्याच बोटीत.

आता ऑक्टोबर. बोट ओढून काठावर घेतली.
थोड्या दिवसांत सरोवर गोठेल,
बर्फाला भोकं पाडून म्हातारे बसतील डबा घेऊन.
काल कपाट सरकवलं,
दारामागे, जिथे माझे बूट असतात,
तिथे भिंतीला टेकून एक टेकडी आहे.
घोट्याइतकी. वाऱ्याची बाजू उताराची, दुसरी खडी,
अगदी रीतसर.

उर्टेला अजून सांगितलेलं नाही.
दार उघडलं की थोडी पुढे येते.