पाच हजार दोनशे

अंबाझरीच्या पाळीवर सकाळचे सात.
फायर ब्रिगेडची नवी लाल बोट पाण्यात,
नाकावर कालचा झेंडू, सुकलेला.
काल फोटो निघाले. बोटीत ड्रायव्हर
आणि साहेब, बाकी रिकामी,
मीटरचा काटा पाच हजार शंभरावर.
टाळ्या पडल्या.

मी म्हटलं, उद्या आठ माणसं बसवा.

सात जवान मिळाले. आठवा म्हणून
पाळीवरच्या यादोराव चहावाल्याला ओढलं.
त्याला पोहता येत नाही. जाकीट घातलं तरी
किटली सोडेना, मांडीत घट्ट धरून बसला,
जणू तीच तारणार.

तन्वीरनं थ्रॉटल पूर्ण दिला.
बोटीनं नाक वर केलं, ढुंगण पाण्यात,
आणि काटा चार हजार सहाशेवर थांबला
रविवारी बर्डीवर फसलेल्या ऑटोसारखा.
आवाज मोठा, चाल नाही.
कागदावर लिहिलंय : पाच ते सहा हजार.
त्याच्या खाली मोटर दमते, आतून जळत जाते,
कोणाला सांगत नाही.

"मोटरच बोगस आहे गा, वापस पाठवा," साहेब.
"पेट्रोलात पाणी असंल," तन्वीर.
मी मोटर तिरपी करून
पंख्यावरचा आकडा बोटानं चाचपला.
तेरा.

म्हणजे एका फेऱ्यात तेरा इंच पुढं,
पाणी लाकूड असतं तर. पाणी लाकूड नाही,
ते थोडं निसटतं. तेवढं त्याला सोडून द्यायचं.

माझा बाबा कन्हानवर डोंगा चालवायचा.
बांबू निवडताना पेरं मोजायचा नाही,
डोंग्यात कोण बसलंय ते पाहायचा.
वरात असली तर आखूड बांबू.
"लांब बांबूनं एका रेट्यात लय जाता येते,
पण रेटा आपला लागते, बांबूचा नाही."
त्यानं मोटर पाहिली नाही. पाहिली असती तर
पाण्यावरचं तेल बघून शिव्याच दिल्या असत्या.

थैलीत दहाचा पंखा होता.
पिन काढली, नट सोडला, शाफ्टला ग्रीस लावलं.
इंचामागं दोनेकशे फेरे, एवढा हिशेब बोटांवर,
बाकी पाण्यावर.

परत आठ जण. परत किटली.
काटा पाच हजारावर जरा अडखळला,
मग पाच हजार दोनशे.
नाक खाली आलं, बोट सपाट धावली,
पाणकोंबड्या जलपर्णीत घुसल्या.

"पण रिकामी असली की कालच्यापेक्षा कमी पळंल ना?"
साहेब हुशार आहेत.
"पळंल. पण रिकामी न्यायची कोणासाठी, साहेब?
आणि येताना माणसं ओली असतात.
ओल्या माणसाचं वजन कागदावर नसते."

उतरताना यादोराव हळूच कानाशी,
"मिस्तरी, पहिल्यांदा माझ्याच वजनानं अडली होती ना?"
"हाव," मी म्हटलं, "तुझ्याच."
तो खूश झाला.
आम्हाला चहा ओतला, थंडगार, अर्धा सांडलेला,
आणि पैसे फक्त साहेबाकडून घेतले.